दिवाळं काढायचं भांडवल

तीर्थरूप ताईस,

कंबर परवानगी देते तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि त्यांचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझं म्हणशील तर तब्येत ठणठणीत आहे, फक्त दुकान गेलं.

बॅगांच्या धंद्याचं वाईट असं, की गिऱ्हाईक बॅग घेतं आणि गावच सोडतं. शेजारचा शिंपी गेला, समोरचे मास्तर मुलाकडे गेले, तुम्हीही गेलात, आणि सगळे माझ्याच बॅगा घेऊन. (तुमची मोठी तर मी नफा न घेता दिली होती. नसती दिली तर बरं झालं असतं.) मग उरलेले लोक घरबसल्या मोबाईलवर बॅगा मागवायला लागले आणि मी दिवसभर रिकाम्या बॅगांच्या चेनी उघडत-लावत बसू लागलो. चेन गंजू नये म्हणून करतो, असं उत्तर तयार ठेवलं होतं. विचारायला कोणी आलं नाही.

कर्ज डोक्यावरून गेलं तेव्हा बँकेच्या रांगेतला एकजण म्हणाला, वकील गाठा आणि रीतसर दिवाळं काढा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मला शहाणा कोणी कधी म्हटलंय? पहिला वकील घटस्फोटांचा निघाला. मला बायकोच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. दुसऱ्याच्या कोटाची कोपरं इतकी विरलेली, की हा माझ्याआधीच नंबर लावून बसलाय असं वाटलं. शेवटी आमच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारलं. त्याने एका वकीलबाईंचा पत्ता दिला, वर म्हणाला, "माझं नाव सांगा, फी कमी करतील." ताई, सगळ्यात मोठं देणं त्याचंच आहे गं! सवलत मिळाली. लाजही वाटली, पण सवलत परत करण्याइतका मी सुखवस्तू उरलेलो नाही.

वकीलबाईंनी आधी फी मागितली. (दिवाळं काढायलाही भांडवल लागतं, हे तुला ठाऊक होतं का?) मी फीच्या बदल्यात दुकानातली सगळ्यात भारी बॅग पुढे केली, तर त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. ती आता माझी नाही म्हणे, ज्यांचे पैसे द्यायचे त्यांची आहे. मग पैसे आणू कुठून? तर म्हणाल्या, "आजपासून कुणाचाही हप्ता भरू नका. ते पैसे मला द्या." इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, आणि आता हप्ते न भरण्याची फी हप्त्यांनी भरतोय.

फोनवरून पाठवा म्हणतात, पण मी स्वतः नेऊन देतो. तिथे बाकावर चार माणसं असतात, सगळीच बुडालेली, त्यामुळे गप्पा छान होतात. वकीलबाईंचा कारकून "जेवलात का?" म्हणून विचारतो. घरी मी भांडी जरा आपटत घासतो, तेवढीच जाग. खरं सांगू का, फार एकटं वाटतं. पूर्वी संध्याकाळी शटर ओढायचं तरी काम होतं.

असो. पैशांसाठी पत्र लिहिलंय असं भावोजी म्हणतील. तसं मुळीच नाही, हे त्यांना चष्मा लावून वाचायला दे.

तुझा धाकटा आणि लवकरच सरकारमान्य कफल्लक भाऊ

ता. क. तुला कोर्टाची नोटीस येईल, घाबरू नकोस. दुकानाच्या पाटीचे पैसे तू दिले होतेस, म्हणून देण्यांच्या यादीत तुझंही नाव घातलंय. रक्कम किरकोळ आहे, पण कोर्ट लहानमोठं बघत नाही, सगळ्यांना बोलावतं. सुनावणीला ये. चार दिवस आधीच ये. घरात जागाच जागा आहे.

आणखी एक ता. क. वकीलबाई म्हणतात, "माझं काही येणं नाही" असं बहिणीने दोन ओळींत लिहून दिलं, तर तिला यायची गरज नाही. मी तुला ओळखतो. हे वाचून तू "राहू दे रे" म्हणत लगेच पेन शोधायला लागशील. ताई, या एका वेळी मन मोठं करू नकोस.