लाल बटण

आईला तिच्या तापट लेकीचा नमस्कार,

मी बरी आहे. मागच्या पत्रातलं अक्षर असं वाकडंतिकडं का, म्हणून तू विचारलंस. खरं सांगते, हात थरथरत होते. लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये माझ्या शेजारणीचा हात भाजला. मशीन बंद करायचं लाल बटण मी तीनदा दाबलं, पण ते चाललंच नाही.

ते बटण दुरुस्त करायचं सोडून मालकांनी काय करावं? आमची मनं शांत करायला एक बाई बोलावली! ती बिचारी चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही. म्हणाली, "हळू श्वास घ्या आणि आजूबाजूला दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगा."

मी नीट बघून सांगितलं, "बिघडलेलं बटण. त्याच्यावर चिकटवलेली टेप. फाटके हातमोजे. शेजारणीचं रिकामं स्टूल. आणि सारखं घड्याळ बघणारे आमचे सुपरवायझर."

सुपरवायझर खेकसले, "अगं, काहीतरी छान बघ की!"

अशी तिडीक गेली डोक्यात! मी सरळ उठले आणि भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. मशीनची घरघर थांबली, तेव्हा कुठे मला माझा श्वास ऐकू आला. बटण बदलेपर्यंत एकाही बाईने चादरीला हात लावला नाही. दुपारी मिस्त्री आला.

उद्या मला ऑफिसात बोलावलंय. ते माझं मी बघेन. तुझे गुडघे कसे आहेत? दादा तेल चोळून देतो ना, की नुसतं हो हो म्हणतो?

आजचं अक्षर बघ. एक तरी ओळ वाकडी आहे का?

तुझीच,
कुणाचं न ऐकणारी