चटणीच्या डब्यासाठी जीपीएस

रविवार, संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी चटणी कुटत होते आणि ह्यांनी माझा चटणीचा डबा पळवला, चंदगडच्या जंगलात लपवायला. जागेचे आकडे द्यायचे, लोकांनी जीपीएसवर शोधायचं, सापडला की आतल्या कागदावर नाव लिहून डबा तिथंच ठेवायचा. असला ह्यांचा खेळ. गेल्या वर्षी हे वारले, डबा तिथंच. तो मलाच शोधायचाय. मोबाईलला तिथं रेंज नाही, म्हणून आज जीपीएसचं यंत्र घ्यायला दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हे घ्या की. गाडी नीट पोचवतंय."

"गाडी रस्त्यावर थांबणार. डबा झाडाखाली हाय. हातात धरून चालता येतंय का?"

"खजिना हाय व्हय?"

"व्हय. चटणीचा डबा."

पहिली दोन यंत्रं नुसती गावाची नावं मागत होती. तिसऱ्यात मीच ह्यांनी लिहून ठेवलेले आकडे घातले. घेतले त्यानं! गाडीतून काढलं तरी चालू. जिंकले मी.

सोमवार

डबा सापडला. आतल्या कागदावर माझं नाव लिहिलं आणि परत तिथंच ठेवला.