आधी भाकरी, मग पेला

आई, काल गुत्त्याच्या दारावर नवा फलक लागला. तू गेल्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी सोलापुरात त्या घराला अजून गुत्ताच म्हणतात. आत दारू मिळत नाही, भाकरी मिळते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण रिक्षावाल्याला गुत्ता म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. माळवद उतरवून पत्रे घातलेत, चूल जाऊन गॅस आलाय. दारूचे पेले मांडायची ती लांब सागवानी फळी मात्र जिथल्या तिथं आहे. फलकावरचा पडदा मीच सरकवावा असा घरमालकांच्या नातवाचा आग्रह होता. पडदा सरकवला, लिहिलेलं वाचलं, आणि तुला द्यायचं राहिलेलं एक उत्तर आठवलं.

तू ते घर भाड्यानं घेतलंस तेव्हा शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला होता. त्या साली गुत्त्याचा मक्ता घ्यायला कुणी पुढं आलं नव्हतं, दार बंद होतं, आत उंदीर नांदत होते. ‘‘गुत्त्यात जेवाया कोण येनार गं?’’ काकू म्हणाल्या. ‘‘ज्याला भूक लागंल त्यो,’’ तू म्हणालीस. मग सुतार आला. फळीवर पेल्यांचे गोल गोल डाग होते, आणि कोपरं टेकून टेकून कडेला खळगे पडले होते. रंधा मारून सगळं साफ करतो, म्हणाला. तू त्याच्या हातातून रंधा काढून घेतलास. ‘‘माणसांच्या कोपरांनी एवढी गुळगुळीत झालीया, तू आनि काय करनार? पाय डुगडुगतोय त्यो बसव आनि जा.’’ दुसऱ्या दिवशी त्याच फळीवर परात ठेवून तू पहिली भाकरी थापलीस. तो आवाज मी अजून ऐकतो. गिरणीचे कामगार रांगेनं उभे आहेत, तुझ्या कोपरापर्यंत पीठ लागलंय, आणि तू कुणाला तरी सुनावते आहेस, ‘‘चटणी हाय ती शेंगाची, पिठलं न्हवं. एवढी घिऊन रडशील.’’

त्या फळीच्या टोकाला बसायचे मंद्रूपचे तात्या. पंच्याऐंशीच्या पुढचे, एकेकाळचे गाडीवान. अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडं कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा ते मिसरूडही न फुटलेले होते. त्यांच्या सांगण्यात गाड्यांची रांग पार गावाबाहेर जायची, बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या असायच्या, आणि कापूस उतरला की मंगळवेढ्याचा, माढ्याचा, सगळा मुलूख या फळीला येऊन टेकायचा. त्याच तेजीत मालकांच्या आजोबांनी हे घर बांधलं. मग लढाई संपली, भाव कोसळला, शेंब्या मोडीत गेल्या. गुत्ता राहिला.

मालकांना नेमकं हेच नको होतं. त्यांच्या मुलीचं जमत आलेलं लग्न ‘गुत्तेवाल्यांची पोर’ म्हणून मोडलं होतं. दिवाळीनंतर घर पाडून सुताचं गोदाम बांधणार, असा त्यांनी तुला निरोप धाडला. तू निरोप ऐकलास आणि तव्यावरची भाकरी उलटलीस, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तुझी भाकरी करपली.

मी तेव्हा नुकताच वर्तमानपत्रात लागलो होतो. जेवायला यायचो तो कागद घेऊनच, आणि मजकूर कमी पडला की फळीवर पेन्सिल आपटत बसायचो. ‘‘पानी घाल की,’’ तू म्हणायचीस, ‘‘आमटीत घालतो तसं.’’ त्या आठवड्यात मी गुत्त्यावर लेख लिहिला. तात्यांनी सांगितलेलं सगळं त्यात आलं. खिळे जुळवणारा जुळारी दारात उभा, संपादक आतून ओरडतायत, आणि रकान्याला काही ओळी कमी पडत होत्या. तेव्हा मी लिहिलं, की या गुत्त्याचा एक रिवाज होता. उपाशी माणसाला इथं दारू मिळत नसे. गाडीवान आला की तेव्हाचे मालक स्वतः त्याच्यापुढं भाकरी ठेवत. आधी भाकरी, मग पेला. तात्या असं काही म्हणाले नव्हते. कुणीच म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः आले, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्यांनी तो भाग मोठ्यानं वाचला आणि तात्यांकडं वळले. ‘‘म्हातारबा, हे खरं आहे का?’’

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तुझ्याकडं. ‘‘व्हय की. मी सोता खाल्लीया. तुमचा आजा लई मायेचा मानूस. पर मीठ जरा जास्तच घालायचा.’’

मालक एकदम हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ‘‘आमच्या घरी अजून जास्तच पडतं हो.’’

तू त्यांच्यापुढं थाळी सरकवलीस. ‘‘बसा मालक. आधी भाकरी, मग काय बोलायचं ते.’’ ते एका खळग्यात कोपर टेकवून जेवले, दुसरी भाकरी मागून घेतली, आणि जाताना तुला म्हणाले, ‘‘बाई, पावसाआधी माळवदाला माती घालून घ्या. मी माणसं धाडतो.’’ गोदामाचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढं त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना त्यांनी हौसेनं त्याच फळीवर जेवायला आणलं. आणि तू रिवाज सुरूच केलास: चहा मागणाऱ्यालाही आधी चतकोर भाकरी. काही वर्षांनी म्हातारे गाडीवान शपथेवर सांगू लागले, की पूर्वीपासून हे असंच आहे. मीठ कुठून आलं ते मी तात्यांना कधीच विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते खरं निघालं असतं, तर माझी सगळी ऐट गेली असती.

काल फलकावर मोठ्या अक्षरांत माझंच ते वाक्य होतं: आधी भाकरी, मग पेला. वाचून दाखवा म्हणाले. मी आवाज चढवून वाचलं, दोनदा.

हा कागद टाकायला टपालपेटी कुठली शोधू? फळीखालच्या खणात, तुझ्या उलथन्याशेजारी ठेवून देतो. त्या दिवशी मालक गेल्यावर तू हात धूत, माझ्याकडं न बघता विचारलं होतंस, ‘‘किती वळी कमी पडत हुत्या रं?’’ मी ऐकलंच नाही असं दाखवून घागर घेऊन बाहेर गेलो.

चार, आई. चारच.