‘शाही बचत’चं दार

ग्वाल्हेर,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप उषाताई वन्सं यांस,
विनिताचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही ठीक, तिकडे बडोद्याला तुम्ही ठीक, रावसाहेबांचा गुडघा पहिल्यापेक्षा बरा, असं सगळं धरून चालते आणि मुद्द्यावर येते. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. पत्राचं बरं असतं. रागानं फेकून देता येतं, पण त्याला मधेच तोडता येत नाही.

परवा तुम्ही म्हणालात, “रघूला सांग, पगडी उतरव. नाहीतर या भाऊबीजेला मी ग्वाल्हेरात पाय ठेवणार नाही.” वर हेही म्हणालात, की बायको असून तू हे होऊ कसं दिलंस. तर कसं झालं ते ऐका.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी ते मॅरेज गार्डन होतं ना, जिथे तुम्ही एकदा बुफेच्या रांगेत उभं राहायला साफ नकार दिला होता, तिथे आता ‘शाही बचत’ नावाचं किराण्याचं मोठं दुकान उघडलं आहे. दुकान कसलं, पत्र्याचं गोदाम. आत एसी इतका, की मिरच्यांनाही पडसं व्हावं. बाहेर बोर्ड लावलाय, ‘दाम फ़क़ीरी, ठाठ अमीरी’. आपल्या गावात पंक्चर काढणाराही स्वतःला शाही म्हणवून घेतो, तिथे डाळ-तांदूळवाल्यांनी काय पाप केलंय?

उद्घाटन गेल्या रविवारी. त्या दिवशी या कॉलनीचं मला जे दर्शन झालं, त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तेलाचे डबे अर्ध्या किमतीत म्हणून लोक उजाडायच्या आत येऊन बसले होते. लोक म्हणजे कोण? कोपऱ्यावरचे रिटायर्ड प्रोफेसर, ते लायन्स क्लबवाले डॉक्टर, आणि उपासाला साबुदाणा चालतो की नाही यावर तासभर बोलणाऱ्या लीलाताई. शटर वर गेलं आणि ही सगळी सभ्य मंडळी गुडघ्यावर वाकून खालून आत शिरली. प्रोफेसरांनी डॉक्टरांना कोपर मारलं. डॉक्टरांनी प्रोफेसरांचा डबा पळवला. साखरेचं पोतं फुटलं, तर त्यावरून चपला घालून गेले, आणि तीच साखर लीलाताईंनी पदरात भरली. “नीचे वाली छोड़ दी, ऊपर-ऊपर की ली है,” म्हणे. फुकटचे लाडू वाटत होते. एकेकानं चार चार घेतले, अर्धे खाल्ले आणि उरलेले तांदळाच्या रॅकवर चिकटवून ठेवले. जमीन चिकट, हवेला तुपाचा आणि घामाचा वास. मी ते सगळं बाहेरूनच पाहिलं आणि घरी परत आले.

आता पगडीचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाची मॅनेजर, गरिमा नावाची तरतरीत मुलगी, घरी आली. दसऱ्याला हे अंगरखा, शिंदेशाही पगडी घालून निघाले होते, ते तिनं गेटपाशी पाहिलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं ते इतकंच: “अंकल, ओपनिंग में आपकी प्रेज़ेंस चाहिए. फुल रॉयल ड्रेस में.” ती गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती? हे म्हणाले, “उद्घाटनाला बोलावलंय. पगडी घालून.”

वन्सं, तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? सरदार घराण्यातला माणूस, पगडी घालून उद्घाटनाला. म्हणजे प्रमुख पाहुणेच की! मी पगडीचा मोत्यांचा तुरा सराफ्यात नेऊन नीट करून आणला. समाजाच्या ग्रुपवर टाकलं. राजलक्ष्मीला शेजारी जाऊन सांगितलं. तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही अख्ख्या बडोद्याला सांगितलंत. हे सगळं ऐकत होते. एकदाही म्हणाले नाहीत, की अगं, तसं नाही.

फीत कुणा पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, मेहुण्यानं कापली. तुमचे बंधू दारावर उभे होते. काचेचं दार ओढायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, “पधारिये, शाही बचत में आपका स्वागत है.” पगडीवर, तुऱ्याच्या खाली, दुकानाचा पिवळा बिल्ला, ‘मैं आपकी क्या सेवा करूँ?’ एका बाईनं त्यांच्या हातात पिशवी दिली. एकानं विचारलं, “भैया, दही किधर है?” आणि हे शांतपणे म्हणाले, “तीसरी लाइन, बाएँ हाथ, फ्रिज में.” तुम्हाला जो व्हिडिओ मिळाला त्यात हेच आहे. तो कुणी पाठवला तेही मला माहीत आहे, तिला कैरीचं लोणचं आता मिळणार नाही.

संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, पगडी काढून कपाटावर ठेवली आणि म्हणाले, “चहा टाकतेस?” मी जे तोंड सोडलं ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल. “तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कुठे? तू सांगत सुटलीस.”

“लोकांनी हसावं म्हणून उभे राहिलात?”

“हसले की. चांगलं हसले. सिंचाई विभागात इतकी वर्षं काढली विनिता, माझ्याकडे बघून हसलेला माणूस मला आठवत नाही.”

“घराण्याची पगडी...”

“घराण्याची!” मग ते हसले. “आपल्या पणजोबांची नेमणूक कशावर होती? ड्योढीवर. महालाच्या दारावर. आलेल्याला ‘या’ म्हणायचं आणि कुणाला थांबवायचं ते ठरवायचं. मी थांबवत कुणाला नाही, एवढाच फरक.”

वन्सं, हे तुम्हाला माहीत होतं ना? माझ्या लग्नाच्या बोलणीत तुम्ही माझ्या वडिलांना म्हणाला होतात, “आमच्या घराण्यावाचून महालाचं दार उघडत नसे.” खोटं बोलला नाहीत म्हणा तुम्ही. बाबा बिचारे घरी येऊन दोन दिवस तेच सांगत होते.

मला वाटलं, एक दिवसाचा तमाशा होता, झाला. सोमवारी सकाळी उठून पाहते तर हे आरशासमोर अंगरख्याचे बंद बांधत होते. गरिमानं दिवाळीपर्यंत विचारलं होतं आणि हे हो म्हणाले होते. मी विचारलं, आपल्याला कमी काय आहे? तर म्हणाले, “रिटायर झाल्यापासून सकाळी उठून मी काय करतो? पेपर वाचतो, नळाला पाणी आलं का बघतो, तू कुठे चाललीस विचारतो. तिथे दिवसभर माणसांना ‘या’ म्हणायचं. तुला नाही कळणार किती बरं वाटतं.”

मग समाजाचं शिष्टमंडळ आलं. अध्यक्ष संग्रामसिंह आणि बरोबर तिघे. चहा घेतला, बिस्किटं संपवली आणि संग्रामसिंह घसा साफ करून म्हणाले, “रघुनाथराव, पगडी तुमच्या डोक्यावर असली तरी ती समाजाची आहे. किराण्याच्या दुकानात तिची अशी बेइज्जती समाज सहन करणार नाही. आम्ही ठराव करून राहिलो आहोत.”

“जरूर करा,” हे म्हणाले. “सकाळी तुम्ही आला होतात तेव्हाच बोलला असतात तर बरं झालं असतं.”

“मी? मी कशाला जातोय तिथे?”

“तुम्हीच होतात. मला म्हणालात, ‘ए भैया, एक अच्छी वाली ट्रॉली देना, जिसका पहिया चलता हो.’ मी दिली. चाललं ना चाक?”

संग्रामसिंहांच्या चेहऱ्याकडे मी बघू शकले नाही. त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले, तर त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर शाही बचतच्या पिवळ्या पिशव्या पोतंभर. समाजाचा माणूस समोर पगडी घालून उभा, आणि अध्यक्षांना पगडी दिसली, माणूस दिसलाच नाही! असल्या ठरावावर मी थुंकत नाही, एवढेच माझे संस्कार.

पण वन्सं, मी कुणावर थुंकणार?

वर मी लिहिलंय, की बाहेरून पाहिलं आणि घरी परत आले. ते खोटं आहे. खोडून टाकता आलं असतं, पण तसंच ठेवते. तुम्हाला दिसू द्या.

मी परत आले नाही. चंदेरी नेसून, गजरा माळून, राजलक्ष्मी आणि समाजाच्या दोघी-तिघींना घेऊन मी दिमाखात गेले होते. गर्दी इतकी, की दारापाशी पोचेपर्यंत काही दिसेना. आधी मला पगडी दिसली. मग बिल्ला. मग त्यांचे हात, दार ओढणारे.

राजलक्ष्मीनं माझं कोपर धरलं. “अय्या, विनिता, ते दारावर उभे आहेत ते तुमचे हेच ना गं?”

मी म्हटलं, “पगडी घातली की सगळे सारखेच दिसतात. हे आत असतील, पाहुण्यांबरोबर.”

त्यांना ऐकू गेलं. दोन हातांवर होते. मागून लोक ढकलत होते, मागे फिरायला जागा नव्हती. मी दारात पोचले तसं त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दार पूर्ण उघडलं, हात जोडले आणि म्हणाले, “पधारिये बहनजी, शाही बचत में आपका स्वागत है.”

आवाजात राग नाही, थट्टा नाही. मी ओळख दाखवली नाही, तर त्यांनीही नाही दाखवली. राजलक्ष्मीपुढे माझी लाज राहावी म्हणून. आणि मी, वन्सं, मान हलवली, जशी बाकीच्या बायका हलवत होत्या, आणि आत गेले.

आत जाऊन काय केलं तर टोपली घेतली. साखरेवरून चालले. लीलाताईंना मी नावं ठेवली ना, त्यांच्याशेजारी उभी राहून मी शेवयांची पाकिटं उचलली, ज्या आमच्या घरी कुणी खात नाही. पैसे दिले आणि मागच्या दारानं सामान उतरवत होते, तिथून बाहेर पडले. पुढच्या दारानं पुन्हा जायची माझी छाती नव्हती.

त्या रात्री मी इतकी भांडले, इतकं बोलले, ते सगळं या एका गोष्टीवर पांघरूण घालायला. ते एका शब्दानं त्याबद्दल बोलले नाहीत. अजूनही नाही. शेवयांची पाकिटं ओट्यावर पडली होती, ती पाहून एवढंच म्हणाले, “खीर कर एकदा.” मी केली नाही. मला हात लावायची किळस येते त्या पाकिटांना.

तुम्ही म्हणता, लोक काय म्हणतील. लोक, वन्सं? मी त्या लोकांना साखरेवरून चालताना पाहिलंय. माझी वेळ आली तेव्हा मी त्यांच्यातच होते, अगदी पुढच्या रांगेत. त्या अख्ख्या दुकानात, त्या अख्ख्या सकाळी, एकच माणूस धड वागला, आणि त्याच्या डोक्यावर बिल्ला लावला होता.

तेव्हा पगडी उतरवायला मी त्यांना सांगणार नाही. मला हे आवडतं असं समजू नका. तो पिवळा बिल्ला मोत्यांच्या तुऱ्याखाली पाहिला की मी अजून नजर दुसरीकडे वळवते. दही शोधणाऱ्यांना रस्ता दाखवणारा नवरा मी मागितला नव्हता. पण माझं न आवडणं आणि त्यांचं उभं राहणं, यातलं कोणतं कमी गलिच्छ आहे ते मला आता कळतं.

दिवाळीत त्यांना सुट्टी नाही. त्या दिवसांत दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते म्हणे. पाडव्याला मी घरी ताट करून त्यांची वाट बघत बसणार नाही. सकाळी दहाला, गर्दी भरात असताना, निरांजन आणि सुपारी घेऊन मी त्या दारात जाणार आहे आणि त्यांना तिथेच ओवाळणार आहे. राजलक्ष्मीला बरोबर नेणार आहे. तिनं खुशाल व्हिडिओ काढावा, या वेळी मीच तिला फोन धरायला सांगीन. मागच्यांना थांबावं लागलं तर थांबतील. स्वस्त तेलासाठी थांबतात, तसे. यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. कदाचित ते मला पुन्हा बहनजी म्हणतील. म्हणू देत, मला ते ऐकून घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाट घरी मांडायचा की दुकानाच्या पायरीवर, ते तुम्ही ठरवा. यायचं नसेल तर येऊ नका, मी आग्रह करणार नाही आणि तुमचा निरोपही त्यांना देणार नाही. पण आलात तर पुढच्या दारानं या. ते उघडतील.

रघुनाथरावांची बायको,
विनिता