गॅस मुरायच्या आधी

बाबा, सकाळपासून मी कोकम सोड्याच्या टाकीचा नळ पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. उद्या लेकीच्या मैत्रिणी यायच्यात, तोवर हात लावायचा नाही, हे कळतं हो मला. पण दम निघत नाही. तुम्ही असतात तर हातावर फटका दिला असतात.

लखनौला मानक नगरच्या क्वार्टरमधला आपला फ्रिज आठवतो. मधले कप्पे काढून तुम्ही त्यात ती नळाची स्टीलची टाकी उभी केली होती आणि आईची भाजी बाहेर टेबलावर सुकत पडलेली. तिने तोंडाचा पट्टा सोडला तरी तुम्ही ढिम्म. कोकम सरबत आधी गारेगार करायचं, मग सिलिंडरमधून सोड्याचा गॅस बेताने सोडायचा आणि दोन दिवस मुरू द्यायचा. तिथली वीज गेली की सरबत कोमट व्हायचं आणि तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करायचात. आलेल्या माणसाला सरळ सांगायचात, "भाईसाहब, परसों आइए." तुमचे साहेबसुद्धा एकदा तसेच कोरडे परत गेले.

आणि मग तो जून. तुम्ही पलंगाला खिळलेले, घास उतरत नाही. डॉक्टर आईला म्हणाले, जो माँगें, दे दीजिए. तुम्ही मागितला कोकम सोडा. आता दोन दिवस मी कुठून आणायचे होते? सरबत धड गार झालं नव्हतं, तरी मी गॅस मोठा सोडला, टाकी जमिनीवर आडवी घातली आणि गदागदा हलवली. आई दारात उभी होती. नळ उघडला तर पेलाभर नुसता गुलाबी फेस, तळाशी घोटभर सरबत.

तो पेला घेऊन मी तुमच्याजवळ येते. तुम्ही फेसाकडे बघता. आता माझी खरडपट्टी निघणार, म्हणून मी उभी. तुम्ही चमच्याने थोडा फेस चाखता आणि म्हणता, "छान जमलंय गं."

आई केवढी खुलली. मीही हसले. पण असलं काही तुम्ही जन्मात चालवून घेतलं नव्हतंत. डॉक्टरांचं बोलणं मला तोवर खरं वाटलं नव्हतं. तुमच्या त्या कौतुकाने वाटलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार म्हणा, राहील इथेच. एवढंच सांगते बाबा, अजूनही माझ्या हातचं काही कुणी छान म्हटलं की मला आधी भीती वाटते.