हल्ली कोणी उदास दिसत नाही

४ ऑगस्ट, सोमवार
कुलसचिवांनी बोलावलं. विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य सांभाळायला कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं घाटतंय. प्रवेश विभागातून माझं नाव. दुसऱ्या कोणाचा विचारही झाला नसणार. साहेब तसं बोलले नाहीत, पण कळतं माणसाला. इतकी वर्षं खिडकीपलीकडचे चेहरेच वाचतोय.
घरी सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही? आणि लोकांचं ऐकून घेणार?" कौतुकानेच म्हणाली असावी.

५ ऑगस्ट, मंगळवार
ट्रेनिंग सुरू. शिकवायला समुपदेशक मॅडम, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. म्हणाल्या, सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला अकाउंट्समधला घुम्या. तोंडातून शब्द काढायचा तर त्याला व्हाउचर लागतं. त्याने अडचण सांगायची, मी ऐकायचं.
तो म्हणाला, "झोप येत नाही." उरलेला सगळा वेळ मी त्याला कूस, उशी, कोमट दूध, चालण्याचे फायदे समजावले. मॅडम काहीतरी टिपून घेत होत्या. बहुतेक दुधाचं.

७ ऑगस्ट, गुरुवार
ट्रेनिंग संपलं. लक्षणं तोंडपाठ: एकटं राहणं, जेवण कमी होणं, वर्ग बुडवणं, सगळं सोडून जायची भाषा. प्रत्येकाला हिरवा बिल्ला मिळाला, 'माझ्याशी बोला'. घुम्यानेही लावलाय! वाळवंटात पाणपोईची पाटी.
रात्री डोळ्याला डोळा नाही. कामाची ओढ, दुसरं काय.

११ ऑगस्ट, सोमवार
बिल्ला लावून दिवसभर बसलो. कोणी बोललं नाही. सेकंड इयरची एक चष्मेवाली मुलगी तेवढी आली. प्रवेश रद्द करायचा अर्ज कसा करतात, विचारत होती. मी नेमका 'मनाचं दार उघडा' हे पोस्टर रंगवत होतो. म्हटलं, खिडकी बंद झाली, उद्या ये. एवढ्या नाजूक कामात लोकांना मध्येच काय काय सुचतं.
घुम्याच्या टेबलापाशी दोन पोरं बसलेली. फीची भानगड असेल.

१३ ऑगस्ट, बुधवार
तहानलेला विहिरीकडे येत नसेल, तर विहिरीनेच उठायला हवं. उठलो.
कॅन्टीन. एक मुलगा टेबलावर डोकं ठेवून. खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, "बोल बाळा." दचकून उठला, सगळा चहा माझ्या पँटवर. झोपला होता.
लायब्ररीच्या मागे एक मुलगी फोनवर रडत होती. धीर दिला. तिची बहीण बाळंत झाली होती. आनंदाने रडणं हेही लक्षण असू शकतं का? मॅडमना विचारायचं.
ही म्हणते, पायाला भिंगरी लागलीय, जेवतानासुद्धा ताटावरून उठता. मेहनत घरच्यांना दिसत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
जबरदस्त प्रगती! मी कॅन्टीनमध्ये शिरलो की एकटी बसलेली पोरं चटकन उठतात, घोळक्यात मिसळतात, काही तर धावत बाहेर जातात. जिने मोकळे. लायब्ररीची मागची बाजू ओस. हल्ली कोणी उदास दिसत नाही. कुलसचिवांना तसं लेखी कळवलं.
चष्मेवाली परत आली. म्हटलं, विभागप्रमुखांची सही लागेल. घरी विचारलंस का? म्हणाली, "त्यांना कशाला त्रास." स्वावलंबी मुलगी. अशी पोरं कमी राहिलीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी
चष्मेवाली सह्या घेऊन आली. कारणाच्या रकान्यात 'काही नाही'. म्हटलं, असं चालत नाही, 'वैयक्तिक' लिही. लिहिलं. मी उभ्या उभ्या शिक्का मारला, एरवी याला आठवडा लागतो. ती म्हणाली, "काका, हे परत घेता येतं का?" म्हटलं, शिक्का पडला की ब्रह्मदेवालाही नाही. अर्जाची पोच घडी घालून बॅगेत ठेवली. मग गेली.
विद्यार्थ्यांना झटपट सेवा, ती हीच.

तोच दिवस, नंतर
मॅडम आल्या. आज कोणी आलं होतं का, विचारलं. मी शिक्क्याची गोष्ट रंगवून सांगितली. मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "कारण काही नाही? आणि तुम्ही जाऊ दिलंत तिला?"
म्हणायला गेलो की नियमाप्रमाणे... 'सगळं सोडून जायची भाषा.' पाठ आहे मला. निघतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
काल बसस्टॉपपर्यंत पळालो. बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. हायसं वाटलं. तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. घाम, छातीत धडधड. तीच उठली. "काका, बसा आधी." पाणी दिलं. बस आली, दार उघडलं, तिने बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बस गेली. मग माझा हात धरून आरोग्य केंद्रात घेऊन आली.
डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. जिवाची घालमेल कशाने चाललीय? म्हटलं, छे, कसली घालमेल. ती स्टुलावर बसून ऐकत होती. आणि मी एकदम सुरूच झालो. निवृत्ती जवळ आलीय. खिडकीमागून उठलो की मला हाक कोण मारणार. घरात बसवत नाही. असलं काहीबाही. गोळीचा परिणाम असावा.
मग डॉक्टरांनी तिला सहज विचारलं, "आणि तू कशी आहेस गं?"
ती जी रडायला लागली, थांबेचना. मॅडम धावत आल्या. मला बाहेर बसवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
रद्द केलेला प्रवेश परत द्यायचा नियम नाही. अर्जावर लिहून दिलं, 'शिक्का माझ्या चुकीने पडला.' नोकरीत पहिल्यांदाच. तिची आई आलीय, सध्या राहणार आहे. मॅडमकडे नियमित जाणं सुरू झालंय.
खिडकीशी आली होती. "काका, झोप लागते का?" म्हटलं, मस्त. तिला पटलं नाही. चहा पिऊ या का म्हणाली. माझी सकाळ रिकामी होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
मॅडमनी मलाही वेळ दिलीय, मंगळवारची. घरी ऑफिसचं काम म्हणून सांगितलंय. ही म्हणाली, "जा हो, बोलून या." हिला कोणी सांगितलं कोण जाणे.
कार्यक्रमाचा अहवाल आला. नावं नाहीत. यशोगाथा एकच: 'एका विद्यार्थिनीने प्रसंगावधान राखून एका अस्वस्थ कर्मचाऱ्याला मदतीपर्यंत पोहोचवले.' कुलसचिव खूश. पण चिंतेतही. मला आत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांची नाडी कळते. हा आपला कर्मचारी कोण हो?"
म्हटलं, चौकशी करून कळवतो.