भुंगेऱ्याचा पाय

प्रिय आई,

तुझ्या प्लास्टरला धक्का न लावता वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पाय आत खाजतो का गं? दादा पट्टी घालून खाजवू देतो का?

एक सांगायचं राहिलंय. इथे प्रयोगशाळेत आम्ही अंबर घासतो, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडातून गळून दगड झालेला डिंक. आत भुंगेरा अडकलेला असला, की पाचदा घासायचं, भिंगातून बघायचं, मग पुन्हा पाचदा. त्या मंगळवारी खिशातला फोन थरथरला, माझा हात दाबला गेला आणि भुंगेऱ्याचा मागचा पाय घासून गेला. फोनवर तुझं नाव होतं. मी रागाने तो बंदच करून टाकला.

दादाला नंतर म्हटलं, चार्जिंग संपलं होतं. ते खोटं होतं.

त्याच वेळी आमच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी विचारलं, "हात कसा हलला?"

मी म्हणाले, "आईचा फोन. तिला वेळकाळ काही कळतच नाही."

सोबत काम करणाऱ्या सगळ्या हसल्या. मीही हसले.

तेव्हा तू न्हाणीघरात फरशीवर पडली होतीस. फोन तिथेही जवळ ठेवत जा, असं तुला मीच बजावलं होतं.

तुझीच,
धाकटी